चलनसंघ आणि तोट्याची वाटणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या दिवंगत अध्यापकांचा आयुष्यभराचा विषय सार्वजनिक आयव्यय हा होता, आणि राज्यकर्त्याची पारख त्याच्या भाषणांवरून न करता त्याच्या जमाखर्चावरून करावी, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला अनुसरून आज मी असे एक उदाहरण विचारासाठी घेतले आहे की, ज्यात एका लहान राष्ट्राने स्वतःचे चलन सोडून अनेक राष्ट्रांच्या सामाईक चलनात प्रवेश केला, दहा वर्षे पुरी होण्याच्या आत ते राष्ट्र कर्जाच्या गर्तेत सापडले, आणि तरीही, बाहेर पडण्याची चिथावणी घरातून व बाहेरून दोन्हीकडून होत असताना, त्याने ते चलन सोडले नाही. ते राष्ट्र ग्रीस आणि ते चलन युरो.

या प्रकरणावर दोन निकाल सर्वत्र ऐकू येतात. ग्रीक सरकारने ऐपतीबाहेर खर्च केला, हिशेब लपवले आणि त्याचे फळ भोगले, हा पहिला. आणि युरो ही उत्तरेकडील सधन राष्ट्रांनी दक्षिणेकडील निर्धन राष्ट्रांच्या पायात अडकवलेली बेडी आहे, हा दुसरा. दोहोंतही तथ्यांश आहे. परंतु राष्ट्राला तोटा आला असता त्याची वाटणी कोणी करावयाची, कोणत्या रीतीने करावयाची आणि तसे करताना जाब कोणाला द्यावयाचा, या मूळ प्रश्नाला दोन्ही निकाल बगल देतात. चलनसंघात शिरणारे राष्ट्र तोटा वाटण्याची आपली जुनी रीत संघाच्या स्वाधीन करते. तिच्या जागी नवी रीत आगाऊ ठरलेली नसेल, तर संकटाच्या रात्री ती धनको ठरवतात. हेच आजच्या माझ्या प्रतिपादनाचे सार आहे.

चलनावरील स्वामित्व म्हणजे टांकसाळीवरचा ध्वज किंवा नोटेवरची राजमुद्रा नव्हे. त्या स्वामित्वाचा खरा कस लागतो तो देशातील मजुरी व किमती शेजाऱ्यांच्या मानाने चढून निर्यात मंदावते आणि आयात फुगते तेव्हा. अशा वेळी स्वतंत्र चलन असलेले सरकार चलनाचा बाह्य भाव उतरवते. पगारपत्रकावरचा आकडा तोच राहतो, बँकेतील ठेवीचा आकडा तोच राहतो, निवृत्तिवेतनाची रक्कमही तीच राहते. मात्र परदेशी मालाच्या मापाने हे सारे एका रात्रीत आखडते, आणि तोटा कोट्यवधी लोकांवर असा पसरतो की, तो कोणी लादला हे बोट दाखवून सांगता येत नाही. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उतरत्या रुपयाच्या समर्थकांचा याच मुद्द्यावर समाचार घेतला आहे. रुपया उतरल्याने निर्यातदाराला जो लाभ होतो, तो परदेशातून आलेले दान नसून देशातल्याच एका वर्गाकडून काढून दुसऱ्या वर्गाला दिलेला असतो, आणि ज्यांची मजुरी किमतींच्या मागून रखडत येते त्या श्रमिकांच्या पदरातूनच तो जातो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. अवमूल्यनाने तोटा नाहीसा होत नाही. त्याची वाटणी तेवढी अनामिकपणे होते.

सामाईक चलन स्वीकारणाऱ्या राष्ट्राला हे साधन उरत नाही. अशा राष्ट्रांचे निभावावे तरी कसे, या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा १९६१ मध्ये रॉबर्ट मुंडेल यांनी सुरू केली. एका भागात मंदी आणि दुसऱ्या भागात तेजी असता श्रमिकांना पहिल्यातून दुसऱ्यात सहज जाता येत असेल, तर एक चलन दोघांना मानवते, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा होता. पुढे १९६९ मध्ये पीटर केनेन यांनी त्याला अशी जोड दिली की, चलनाच्या पाठीशी सामाईक खजिनाही हवा. कारण तेजीच्या भागातून आलेला कर मंदीच्या भागात आपोआप खर्च होणे, ही अवमूल्यनाच्या जागी बसू शकणारी एक व्यवस्था आहे. युरोपीय राष्ट्रांनी चलनसंघाची इमारत उभारली, तेव्हा या दोन्ही गोष्टींची त्यांना माहिती होती. परंतु सामाईक खजिन्यासाठी जे राजकीय ऐक्य लागते, त्याला कोणीच राजी नव्हते. तेव्हा खजिन्याच्या जागी नियमावली आली.

ही नियमावली म्हणजे ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झालेला मास्ट्रिख्टचा तहनामा. वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत हवी, एकूण सरकारी कर्ज ६० टक्क्यांच्या आत किंवा त्या दिशेने पुरेशा वेगाने उतरणारे हवे, महागाई व दीर्घ मुदतीचे व्याज उत्तम कामगिरीच्या राष्ट्रांच्या आसपास हवे, आणि चलनाचा भाव दोन वर्षे स्थिर राहिलेला हवा, अशा त्यातील अटी होत्या. एका राष्ट्राच्या कर्जाला संघ वा इतर राष्ट्रे जबाबदार राहणार नाहीत, आणि मध्यवर्ती बँक कोणत्याही सरकारला थेट कर्ज देणार नाही, असेही त्यात स्वच्छ लिहिले होते. प्रवेशाच्या अटींचा असा तपशीलवार विचार करणाऱ्या या दस्तऐवजात, प्रवेश झाल्यानंतर एखादे सभासद राष्ट्र बुडू लागले तर काय करावे याविषयी एवढेच सापडते की, इतरांनी त्याचे देणे अंगावर घेऊ नये. चलनातून बाहेर पडण्याचे कलम तर मुळीच नाही.

ग्रीसला या संघाची ओढ का वाटली, हे समजण्यासाठी त्याच्या चलनाची जन्मकहाणी पाहिली पाहिजे. चलनसंघाचा अनुभव त्या राष्ट्राला नवा नव्हता. १८६५ साली फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी सोन्यारुप्याच्या नाण्यांचे वजन व कस एकच ठेवण्याचा करार केला, तो लॅटिन चलनसंघ म्हणून ओळखला जातो. १८६८ मध्ये ग्रीस त्यात सामील झाला आणि ड्राख्मा फ्रँकच्या बरोबरीचा ठरला. ही बरोबरी करारनाम्यात राहिली. खजिना रिकामा असल्यामुळे नोटांच्या बदल्यात नाणे न देण्याचा हुकूम वरचेवर काढावा लागे, आणि १८९३ मध्ये पंतप्रधान खारिलाओस त्रिकूपिस यांना राज्याची दिवाळखोरी जाहीर करावी लागली. चार वर्षांनी तुर्कस्तानशी झालेल्या युद्धातील पराभवानंतर, १८९८ साली, सहा बड्या राष्ट्रांचे एक आंतरराष्ट्रीय वित्त मंडळ अथेन्समध्ये येऊन बसले. मीठ, रॉकेल, काड्यापेट्या आणि खेळण्याचे पत्ते यांच्या मक्तेदारीचे उत्पन्न, तंबाखूवरील कर, मुद्रांकशुल्क आणि पायरिअस बंदराची जकात ही कर्जफेडीसाठी त्याच्या देखरेखीखाली गेली.

याहून दारुण अनुभव दुसऱ्या महायुद्धात आला. शत्रूच्या अमलाखाली नोटांचा असा पूर लोटला की, नोव्हेंबर १९४४ मध्ये नवा ड्राख्मा काढला गेला तेव्हा त्या एकाच्या बदल्यात ५० अब्ज जुने ड्राख्मा मोजावे लागले. ज्यांनी आयुष्यभर शिल्लक टाकली होती, त्यांची पुंजी अक्षरशः शून्यावर आली. तथापि याच चलनाने एकदा उत्तम कामही बजावले आहे. एप्रिल १९५३ मध्ये मंत्री स्पिरोस मार्केझिनिस यांनी डॉलरचा भाव १५,००० वरून ३०,००० ड्राख्मा केला, पुढच्या वर्षी तीन शून्ये कापली, आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षे डॉलरला ३० हा भाव टिकून देशाने झपाट्याने प्रगती केली. शिस्तीच्या कारभाराबरोबर आलेले अवमूल्यन उपकारक ठरते, आणि शिस्तीऐवजी आलेले अवमूल्यन हा एक छुपा कर असतो, हे दोन्ही धडे एकाच ड्राख्म्याच्या इतिहासात आहेत. सामान्य ग्रीक माणसाच्या स्मरणात मात्र दुसरा धडा अधिक खोल रुतला, यात नवल नाही.

१ जानेवारी १९८१ रोजी ग्रीस युरोपीय समुदायाचा सभासद झाला. सात वर्षांची लष्करी राजवट १९७४ मध्ये संपल्यानंतर लोकशाहीला मिळालेली ती एक हमी होती, आणि पुढे युरोत जाण्याकडेही ग्रीक राज्यकर्त्यांनी याच दृष्टीने पाहिले. १९९८ मध्ये युरोच्या पहिल्या अकरा सभासदांची निवड झाली, तेव्हा ग्रीस अटींत बसला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये ड्राख्म्याचे अवमूल्यन करून तो युरोपीय विनिमय यंत्रणेत आणला गेला. पंतप्रधान कोस्तास सिमितिस यांच्या सरकारने महागाई उतरवली, तूट कमी केली वा कमी दाखवली, आणि १ जानेवारी २००१ रोजी एका युरोला ३४०.७५ ड्राख्मा या भावाने ग्रीस बारावा सभासद झाला. वर्षभराने नव्या नोटा हाती आल्या आणि फेब्रुवारी २००२ अखेर ड्राख्मा चलनातून गेला.

हिशेबांतील लबाडीचा मुद्दा येथे सोडवून टाकू. अथेन्सच्या ऑलिंपिक क्रीडांचे वर्ष सरत असताना, २००४ मध्ये, युरोपीय सांख्यिकी कार्यालयाच्या तपासणीत असे निघाले की, ज्या वर्षाच्या आकड्यांवर प्रवेश मिळाला त्या १९९९ ची तूट ३ टक्क्यांच्या आत नव्हतीच. हा दोष उघड आणि गंभीर आहे. परंतु १०० टक्क्यांच्या वर कर्ज असलेले इटली आणि बेल्जियम पहिल्याच तुकडीत आत गेले होते. आणि खुद्द जर्मनी व फ्रान्स यांनी तुटीची मर्यादा ओलांडली, तेव्हा नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्यावरील कारवाई मंत्रिपरिषदेने स्थगित केली. नियम करणाऱ्यांनीच नियमाला मुरड घातली, म्हणजे खजिन्याच्या जागी नियमावली बसवण्याच्या योजनेतील मर्म निघून गेले.

प्रवेशानंतरची सात-आठ वर्षे सुखाची गेली, आणि अनर्थाचे बीज त्या सुखातच होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ज्या सरकारला २० टक्क्यांहून अधिक व्याज भरावे लागे, त्याला आता जर्मन सरकारपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जास्त, कधी त्याहूनही कमी फरकाने, कर्ज मिळू लागले. चलन उतरण्याचे भय गेल्याबरोबर कर्ज बुडण्याचे भयही गेले, असे सावकारांनी गृहीत धरले. बँकांच्या नियमांतही सर्व सभासद राष्ट्रांचे रोखे सारखेच निर्धोक मानले जात. म्हणून फ्रेंच आणि जर्मन बँकांनी ग्रीक रोखे बिनदिक्कत घेतले. मजुरी आणि किमती जर्मनीच्या मानाने चढत गेल्या, आयात वाढली, आणि २००८ मध्ये परदेशी व्यवहारांतील चालू तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या घरात पोहोचली. ड्राख्मा असता तर विनिमयाच्या भावाने कधीच धोक्याची सूचना दिली असती. ती देणारे यंत्रच आता नव्हते, आणि कर्ज घेणाऱ्याइतकेच ते देणारेही निर्धास्त होते.

ऑक्टोबर २००९ मध्ये निवडून आलेल्या गेओर्गिओस पापान्द्रेऊ यांच्या सरकारने त्या वर्षीची तूट पूर्वी सांगितल्याच्या कैक पट असल्याचे जाहीर केले. अखेरच्या तपासणीत ती १५ टक्क्यांवर गेली. सावकारांनी हात आखडले. २३ एप्रिल २०१० रोजी तुर्की किनाऱ्याजवळच्या कास्टेलोरिझो या चिमुकल्या बेटावरून पंतप्रधानांनी मदतीची औपचारिक मागणी केली, आणि मे महिन्यात युरो राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे मिळून ११० अब्ज युरोंचे कर्ज ठरले. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या तिघांचे अधिकारी हप्त्याहप्त्याला अथेन्समध्ये येऊन अटींची तपासणी करू लागले. १८९८ च्या मंडळाची आठवण ग्रीक वृत्तपत्रांना झाली नसती तरच आश्चर्य.

आता तोट्याची वाटणी कशी झाली ते पाहा. चलनाचा भाव उतरवता येत नाही, तेव्हा मजुरी आणि निवृत्तिवेतने यांचा आकडाच उतरवावा लागतो. सरकारी नोकरांचे व निवृत्तांचे सणासुदीचे जादा वेतन प्रथम कापले आणि मग बंद केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६ वर, म्हणजे २२ टक्क्यांनी खाली आणले; पंचविशीच्या आतील तरुणांसाठी कपात ३२ टक्के होती. बेकारी २०१३ मध्ये २७ टक्क्यांवर गेली, तरुणांत ती निम्म्याहून पुष्कळ अधिक होती, आणि राष्ट्रीय उत्पन्न संकटापूर्वीच्या मानाने सुमारे चतुर्थांशाने घटले. अवमूल्यनाने जे काम निनावी झाले असते, ते येथे कायद्याच्या एकेका कलमाने आणि संसदेतील एकेका मताने करावे लागले. प्रत्येक कपातीवर एका मंत्र्याची सही होती, आणि तिचा मसुदा मात्र अन्यत्र झालेला होता. सही करणारा एक आणि ठरवणारा दुसरा, या विसंगतीने ग्रीसच्या दोन्ही जुन्या पक्षांची प्रतिष्ठा धुळीस मिळाली.

आणि धनकोंचा वाटा? पहिल्या कर्जातील मोठा हिस्सा जुन्या रोख्यांची मुद्दल व व्याज चुकते करण्यात गेला. खाजगी रोखेधारकांच्या रकमेला कात्री लागली ती मार्च २०१२ मध्ये. सुमारे २०० अब्ज युरोंच्या रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कमी झाली. परंतु मधल्या दोन वर्षांत अनेक परकीय बँका मोकळ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या जागी युरोपातील करदाते धनको बनले होते. कर्जात कपात करण्यास उशीर झाला आणि काटकसरीमुळे उत्पन्न किती घटेल याचा अंदाज चुकला, हे २०१३ मध्ये नाणेनिधीने स्वतःच्या मूल्यमापनात मान्य केले. तहनाम्याने ज्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते, त्याचे उत्तर असे दिले गेले, की तोटा आधी ऋणकोने सोसावा, धनकोने शेवटी, आणि तोही सोडून जाण्यास सवड न मिळालेल्या धनकोने.

जानेवारी २०१५ मध्ये काटकसरीला विरोध करणारा सिरिझा हा पक्ष अलेक्सिस त्सिप्रास यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. वाटाघाटी फिसकटल्या, २९ जूनला बँका बंद झाल्या आणि खातेदाराला यंत्रातून दिवसाला ६० युरो एवढेच मिळू लागले. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या. जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या खात्याने ग्रीसने काही काळ युरोबाहेर राहावे अशी सूचना पुढे केली; आणि १३ जुलैच्या सकाळी, रात्रभराच्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी नाकारलेल्या अटींहून सौम्य नसलेल्या अटींवर ८६ अब्ज युरोंपर्यंतचे तिसरे कर्ज स्वीकारले. काही आठवड्यांतच पुन्हा निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी त्याच त्सिप्रास यांना परत निवडून दिले.

पुष्कळांना यात केवळ शरणागती दिसते. मला त्यात जनतेच्या मनातला एक सुसंगत हिशेब दिसतो. मतदारांनी अटी नाकारल्या होत्या. युरो नाकारला नव्हता. नव्या ड्राख्म्याचा भाव पहिल्याच दिवशी कोसळला असता, बाहेरचे कर्ज युरोतच राहिले असते, इंधन व औषधे आयातीची असल्यामुळे महागाई भडकली असती, आणि ज्यांनी आपला पैसा आधीच परदेशी खात्यांत हलवला होता, ते परतून स्वस्तात मालमत्ता खरेदी करण्यास मोकळे झाले असते. शिल्लक देशातच राहिली होती ती पगारदाराची आणि निवृत्ताची. अनामिक वाटणीत आपल्या वाट्याला काय येते, हे १९४४ च्या वारसांना सांगावे लागत नव्हते. उघड वाटणी कितीही अन्यायाची असली तरी तिच्याविरुद्ध निदान भांडता येते.

विरुद्ध बाजूला आइसलंडचे उदाहरण दिले जाते. २००८ मध्ये त्याच्या बँका कोसळल्या, क्रोनाचा भाव जवळजवळ निम्मा झाला, आणि तो देश ग्रीसपेक्षा लवकर सावरला, हे खरे आहे. मात्र त्याच्यापाशी स्वतःचे चलन आधीपासून चालू होते, आणि बँकांच्या परकीय धनकोंचे देणे त्याने सरकारी तिजोरीवर घेतले नाही. चलन असणे आणि चलन नव्याने काढणे यांत महदंतर आहे. चलनसंघाबाहेर राहण्याचा युक्तिवाद म्हणून ते उदाहरण वजनदार आहे, बाहेर पडण्याचा युक्तिवाद म्हणून तितकेसे नाही.

येथे आपल्या भूमीवरील एका चलनैक्याची आठवण करणे उचित होईल. निजामाच्या राज्यात, म्हणून आपल्या मराठवाड्यातही, हाली सिक्का चाले. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, हा हिशेब त्या पिढीला तोंडपाठ होता. १९५० च्या सुमारास भारतीय रुपया तेथे आला आणि १९५९ पर्यंत हाली सिक्का कायमचा गेला. ते चलनैक्य टिकले याचे कारण दोन चलनांच्या भावात शोधू नये. त्याच सुमारास संविधानाच्या २८० व्या कलमान्वये १९५१ मध्ये पहिला वित्त आयोग नेमला गेला, आणि केंद्राच्या करांतील वाटा राज्यांना कोणत्या तत्त्वाने द्यावा, हे दर पाच वर्षांनी उघडपणे ठरवण्याचा शिरस्ता पडला. त्या वाटपावर मराठवाड्याचे आणि इतर मागास भागांचे आक्षेप आहेत, आणि ते वाजवीही आहेत. परंतु गाऱ्हाणे नेण्यास एक संसद आहे, आणि त्या संसदेत गाऱ्हाणे करणाऱ्याचा प्रतिनिधी बसलेला असतो. अथेन्सच्या निवृत्ताला आपले गाऱ्हाणे बर्लिनच्या संसदेत नेता येत नव्हते, आणि बर्लिनच्या करदात्यालाही अथेन्सच्या अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. दोघांचीही तक्रार रास्त होती, आणि दोघांचे ऐकणारे एक न्यायासन मात्र नव्हते.

युरोपने यातून काहीच बोध घेतला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०१२ मध्ये मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी युरो राखण्यासाठी अधिकाराच्या कक्षेत लागेल ते करण्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी कायम स्वरूपाचा साहाय्यनिधी स्थापन झाला, पुढे मोठ्या बँकांची देखरेख एकत्र आली, आणि २०२० च्या महामारीत ७५० अब्ज युरोंची योजना सामाईक कर्ज काढून उभारली गेली, जिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम परतफेडीविना द्यावयाची होती. तीत ग्रीसचाही वाटा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रीसची तिसरी कर्जयोजना संपली आणि पुढच्या वर्षी पैशावरचे उरलेले निर्बंध उठले. पण सामाईक कर्जाची ती योजना अपवाद म्हणून केली गेली आहे, नियम म्हणून नव्हे.

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया युरोचा एकविसावा सभासद झाला, आणि दाराशी उभी असलेली राष्ट्रे अजून आहेत. त्यांच्या अर्थमंत्र्यांना तूट किती, कर्ज किती, महागाई किती, हे विचारले जाईल आणि ते विचारलेही पाहिजे. माझ्या मते ग्रीसचा प्रवेश घाईचा होता, त्याचा कारभार दोषास्पद होता, आणि तरीही संघात राहण्याचा त्याच्या जनतेचा निर्णय समंजस होता. पण त्या जनतेला जी किंमत पडली तिचा मोठा भाग, प्रवेशापूर्वी न विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचा होता. वाईट वर्षी तोटा कोणी, किती आणि कोणाच्या संमतीने उचलावयाचा, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय कोणत्याही राष्ट्राने आपली टांकसाळ बंद करू नये. आणि जे संघ ते उत्तर देऊ इच्छित नाहीत, त्यांनी नवे सभासद घेऊ नयेत.